हुकमाचं कलम पुरतं तरी वाचा

माझा भाचा खानापुरात अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे पळतो. परवा घामही न पुसता त्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, हे खरं काय हो?" आमच्याच पाहुण्यांच्या ग्रुपवर आलेला मेसेज. जवानानं हुकूम तोलायचा नसतो. बेकायदेशीर असला तरी बजावायचा. पाप हुकूम देणाऱ्याला. नाही म्हणेल तो बंडखोर, तक्रार करेल तो गद्दार. खाली तिरंगा आणि 'बेळगावच्या प्रत्येक मराठी माणसानं पुढं पाठवा'. मी सतरा वर्षं वर्दी घातली. लिहिणाऱ्यानं एनसीसीचीही घातलेली दिसत नाही.

बंडखोरीसाठी आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ चा धाक घातलाय, १४ वर्षांपर्यंतची सजा. कलम खरं, सजाही खरी. गाळलाय तो एकच शब्द: 'कायदेशीर'. वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणं हा गुन्हा आहे.

'पाप हुकूम देणाऱ्याला' हे सगळ्यात घातक, कारण एकोणीस वर्षांचं पोरगं ते खरं मानून बसतं. पुरावा म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मधलं (जुनं आयपीसी ७६) उदाहरण चिकटवलंय: साहेबाच्या हुकमानं जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायानं गुन्हा केलेला नाही. इथंही कात्री चाललीय. मूळ उदाहरणात 'कायद्याच्या आज्ञेला धरून' अशी अट आहे. दंगलीत कायद्यानं दिलेला हुकूम वेगळा, आणि हात बांधून बसवलेल्या माणसाला उडव म्हणणं वेगळं. तिथं घोड्यावरचं बोट तुझं, खटलाही तुझ्यावर.

व्हिएतनाममधल्या माय लाई गावात १९६८ साली अमेरिकन सैनिकांनी शेकडो नि:शस्त्र माणसं मारली. लेफ्टनंट कॅली कोर्ट मार्शलपुढं म्हणाला, मला हुकूम होता. १९७१ मध्ये खुनाचा दोषी ठरला. त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन या पायलटनं हेलिकॉप्टर आपले सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं, परत येऊन वरिष्ठांना सगळं सांगितलं. १९९८ साली त्याच सैन्यानं त्याला पदक दिलं. घ्या तुमचा गद्दार!

एक मात्र कबूल करावं लागतं. न आवडलेला हुकूम बेकायदेशीर नसतो. रात्री दोनला ड्यूटी लावली, फटीगला (अंगमेहनतीच्या कामाला) पाठवलं, सुट्टी कापली, गुमान करायचं. आपला अंदाज चुकला तर कोर्ट मार्शल आपल्याच गळ्यात. आणि तक्रारीचा व्हिडिओ करून फिरवायचा नसतो. आर्मी रूल्स १९५४ चा नियम २१ परवानगीशिवाय पेपरवाल्यांकडं जाऊ देत नाही. पण आपल्यावरच्या अन्यायाची तक्रार कंपनी कमांडरकडं, आणि त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडं करायची वाट आर्मी ॲक्टच्याच कलम २६ नं दिलीय. सैनिक दरबारात, म्हणजे साहेब जवानांचं ऐकून घेतात त्या बैठकीत, उभं राहून बोललेले जवान मी बघितलेत. सगळ्यांना ते मानवलं नाही, हेही बघितलंय.

कलमाचा फोटो ग्रुपवर टाकला, तर एका पाहुण्यानं विचारलं, "तू नेमका कुणाच्या बाजूचा?" भाच्याचा प्रश्न वेगळाच. "मामा, कोर्ट मार्शलात वकील देता येतो काय?"

येतो.