‘इंटरनॅशनल’ची पदवी घेताय? मग अभ्यासक्रम तेवढा वाचू नका

शाळा संपली. डॉक्टर व्हायचं नाही हे रक्त बघून कळलं, इंजिनिअर व्हायचं नाही हे गणिताच्या सरांनी कळवलं. उरला इंटरनॅशनल बिझनेस. अभिनंदन! आता फक्त कॉलेज निवडायचंय.

सुरुवात माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठापासून करा आणि जमलं तर तिथंच संपवा. पृथ्वीचा गोल हवा, त्याभोवती विमान गेल्याची तुटक रेघ हवी. खाली चार खंडांतले चार विद्यार्थी एका लॅपटॉपकडे बघून हसताना हवेत. लॅपटॉप चालू आहे का, हे फोटो मोठा करून बघू नका. मी बघितलं. बंद होता. तेच चौघं पुढं मला दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत भेटले. तिथंही हसतच होते.

मग नाव. नुसतं ‘बीबीए’ असेल तर पान उलटा. ‘इंटरनॅशनल’ असेल तर थांबा, ‘ग्लोबल’ असेल तर बसा आणि ‘ग्लोबल लीडरशिप’ असेल तर पेन काढा, सही कुठं करायची ते विचारा.

क्रमवारीवर डोळे झाकून विश्वास ठेवा. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचा ऑनलाइन एमबीए २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं एका नामांकित यादीत पहिला होता. पुढं निघालं की यादीवाल्यांना पाठवलेले आकडेच खोटे होते. माजी डीनना २०२१ मध्ये ज्युरीनं दोषी ठरवलं आणि २०२२ मध्ये १४ महिन्यांची कैद झाली. पण तो एमबीए होता. तुम्ही पदवीला चाललाय, तुम्हाला काय त्याचं!

मानांकनाचंही तसंच. १९१६ मध्ये स्थापन झालेली एएसीएसबी ही संस्था बिझनेस स्कूल तपासते. तिचं सदस्य असणं वेगळं आणि तिचं मानांकन मिळणं वेगळं, असं काही खवचट लोक सांगतील. सदस्य होता येतं अर्ज आणि वर्गणीवर. मानांकनासाठी काही वर्षं घासावी लागतात. पण ‘एएसीएसबी सदस्य’ हे शब्द सोनेरी अक्षरांत छापलेत ना? झालं तर मग.

आता खरा धोका: अभ्यासक्रम. हे पान शेवटी, बारीक अक्षरात असतं, ते उगीच नाही. चुकून उघडलंच तर असं दिसेल: पहिलं वर्ष इतर कुठल्याही व्यवस्थापन पदवीसारखंच. दुसऱ्या वर्षी ‘मार्केटिंग’च्या जागी ‘इंटरनॅशनल मार्केटिंग’, म्हणजे तेच पुस्तक, पहिल्या धड्यात जगाचा नकाशा. असं असेल तर निर्धास्त राहा.

पण ‘इनकोटर्म्स’, ‘कस्टम्स वर्गीकरण’, ‘परकीय चलनाची जोखीम’ असले विषय दिसले की सावध व्हा. इनकोटर्म्स म्हणजे देशोदेशींच्या खरेदी-विक्रीत खर्च कुणाचा आणि जोखीम कुणाची हे ठरवणारे नियम. २०२० च्या आवृत्तीत ते ११ आहेत आणि एकेक तिरपागडा. त्यातला सीआयएफ (किंमत, विमा, भाडं) घ्या: जहाजाचं भाडं विकणारा भरणार, विमाही तोच काढणार, पण माल जहाजावर चढला की जोखीम विकत घेणाऱ्याची! मधल्या समुद्रात खोकी भिजली तर कुणी कुणाकडे बघायचं, हे एकोणिसाव्या वर्षी कशाला शिकायचं? तिसाव्या वर्षी, खोकी भिजल्यावर, आपोआप कळतं.

आणि लेटर ऑफ क्रेडिट! दोन देशांतले दोन अनोळखी व्यापारी, एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही, म्हणून मध्ये बँक येते आणि पैशाची हमी देते. गंमत म्हणजे बँक माल बघतच नाही. कागद बघते. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), इन्व्हॉइस, विम्याचा कागद अटींबरहुकूम असले की पैसे सुटतात. खोक्यात यंत्रं आहेत की विटा, हा तिचा प्रश्न नाही. थोडक्यात, तुम्ही कॉलेज निवडताय तसंच. फरक एवढाच की बँक तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

परकी भाषा सक्तीची असेल तर तिथं फिरकू नका. एका सत्राची ओळख पुरे: ‘माझं नाव अमुक, ग्रंथालय कुठे आहे?’ सौदा फिसकटायला लागला की समोरच्याला ग्रंथालय विचारायचं.

परदेशातल्या सत्राबद्दल तर प्रश्नच नको. ‘शंभराहून जास्त विद्यापीठांशी करार’ हे वाचून ऊर भरून यायला हवा. गेल्या वर्षी त्यातल्या किती ठिकाणी किती जण गेले, तिथले क्रेडिट इथं धरले जातात की परत येऊन तेच पेपर पुन्हा द्यावे लागतात, असलं विचारणं म्हणजे अपशकुन. कित्येकदा ‘परदेशी अनुभव’ दहा दिवसांच्या सहलीचा असतो. कारखान्याच्या फाटकासमोर हेल्मेट घालून फोटो काढला की जागतिकीकरण पदरात पडतं.

पगाराचा आकडा मात्र सरासरीच बघा. एकाला घसघशीत मिळाला की सगळा वर्ग कागदावर श्रीमंत होतो.

अशाच एका कॉलेजच्या ‘ओपन डे’ला मी भाचीला घेऊन गेलो होतो. समुपदेशक तरुण, चुणचुणीत, कोटावर गोलाचा बिल्ला. दहा मिनिटं ‘ग्लोबल एक्स्पोजर’ ऐकून घेतल्यावर भाचीनं विचारलं, ‘‘सर, लेटर ऑफ क्रेडिट कितव्या वर्षाला आहे?’’

त्यांनी माहितीपत्रक पुढून मागं चाळलं, मागून पुढं चाळलं, आणि मग प्रसन्न हसून म्हणाले, ‘‘ते लेटर ना? फी भरली की खिडकीवर लगेच मिळतं.’’