'स्पष्टवक्ता' यांना उत्तर: समुद्र उतरला की जमीन वर आली?

श्री. स्पष्टवक्ता,

कॅनडाच्या उत्तरेकडील इग्लूलिक बेटावरच्या प्राचीन वस्त्यांबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "काकू, बर्फ वितळलं की समुद्राची पातळी वाढते हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही म्हणता तिकडे समुद्र मागे हटला. लिहिण्याआधी जरा वाचत चला." पुढे आणखी काही मुद्दे आहेत. त्यांच्याकडे येतेच.

आधी तुमच्या सुराबद्दल. मतभेदाला माझी ना नाही, पण अनोळखी माणसाने टोपणनावाच्या आडून 'काकू' म्हणायचं आणि वर वाचनाचे सल्ले द्यायचे, हे मला रुचलं नाही. माझं नाव लेखाच्या डोक्यावर छापलेलं आहे. तुमचं कुठे आहे? आणि पाचवीतल्या पोरांचं म्हणाल, तर माझी उभी हयात त्यांना भूगोल शिकवण्यात गेली. त्यांना काय ठाऊक असतं ते तुमच्याकडून कळायची वेळ अजून आलेली नाही. त्यांना अर्धी गोष्ट ठाऊक असते. उरलेली अर्धी खाली देते.

हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा जगाचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळलं, पाणी चढलं. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ते बर्फ कशावर बसलं होतं? हडसन उपसागराच्या परिसरात त्याचा थर सुमारे ३ किलोमीटर जाड होता. त्या ओझ्याने खालची जमीन दबली होती. मळलेल्या कणकेत बोट रोवून काढलं की खळगा एकदम भरत नाही, सावकाश वर येतो. तिथल्या जमिनीचं तसंच झालं, अजूनही होतंय. हडसन उपसागराच्या काठावर जमीन वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वर येते. पाणी चढण्याचा वेग कमी आणि जमीन उचलली जाण्याचा जास्त, मग काठावर उभ्या माणसाला समुद्र मागे हटतानाच दिसणार.

याचा वस्तीशी संबंध काय? सील आणि वॉलरस मारून जगणाऱ्या माणसाला घर पाण्याजवळ हवं. पाणी दूर गेलं की पुढच्या पिढ्यांची घरंही खाली सरकतात. इग्लूलिकच्या परिसरात लाटांनी रचलेले गोट्यांचे बांध एकाखाली एक उतरत गेलेत आणि त्यांवर घरांच्या खुणा आहेत. डॅनिश पुरातत्त्वज्ञ यॉर्गन मेल्डगार्ड यांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या वस्त्या आज पाण्यापासून ५० मीटरच्या आसपास उंचीवर, त्यांच्याखाली नंतरच्या काळातल्या डॉर्सेट लोकांच्या, आणि त्यांच्याही नंतर आलेल्या थुले लोकांच्या (आजच्या इनुइटांच्या पूर्वजांच्या) त्याहून खाली. डोंगर चढत जावं तसतसा काळ मागे जातो.

मुलाच्या नोकरीमुळे नॉर्वेत जाणं झालं, तेव्हा आल्टाची कातळचित्रं मी स्वतः पाहिली आहेत. तुम्ही पाहिलीत का? तिथेही हाच हिशेब. सगळ्यांत जुनी चित्रं उतारावर सर्वांत वर, नंतरची खाली. रेनडिअरचे कळप, अस्वलाच्या पावलांची रांग, होडीतून गळ टाकून हॅलिबट मासा धरणारा माणूस. कोरणाऱ्याच्या पायाशी तेव्हा पाणी होतं. आता तिथून फियॉर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठापर्यंत उतरताना माझे गुडघे बोलायला लागले होते.

आणि समुद्र चढल्याची गोष्ट मी लपवलेली नाही. त्याच लेखाच्या उत्तरार्धात सैबेरियाचं झोखोव बेट आहे, तिथवर तुम्ही पोहोचला नसाल. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, ७६ अंश उत्तरेला, माणसं कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरत, रेनडिअर आणि पांढरी अस्वलं मारत. तेव्हा ते बेट नव्हतंच, मुख्य भूमीचाच भाग होता. त्या बाजूला जमीन दाबून ठेवणारी तशी जाड हिमचादर नव्हती, म्हणून पाणी आलं आणि शेकडो किलोमीटर सपाट जमीन गिळून गेलं. सैबेरिया आणि अलास्का यांना तेव्हा जोडणाऱ्या जमिनीचं, बेरिंगियाचंही तेच. एकाच आर्क्टिकमध्ये एकीकडे काठ बुडाला, दुसरीकडे वर आला. तुम्ही एकच बाजू धरून माझ्यावर धावून आलात.

लेखात नकाशा हवा होता, हे तुमचं म्हणणं मान्य. तो टाकते.

बाकीचं थोडक्यात. 'उंचीवरून वय ठरवायचं आणि मग वयावरून उंचीचा सिद्धान्त मांडायचा, हा गोलगोल प्रकार आहे' म्हणता. कार्बन कालमापन नावाची गोष्ट आहे: हाडं, कोळसा यांतल्या कार्बनवरून वय काढतात, उंचीवरून नाही. त्यावर 'समुद्री प्राण्यांच्या हाडांचं कार्बनवय खऱ्यापेक्षा जुनं दिसतं' असंही तुम्हीच लिहिलंत. दिसतं, तज्ज्ञ ते दुरुस्त करून घेतात, आपण दोघांनी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. लोक समुद्रामुळे नव्हे, हवामान बदलल्यामुळे हलले असतील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो मी कधी लिहायचा ते मी ठरवेन.

राहता राहिला फोटो. 'कुठून उचललात?' असं विचारलंत. आल्टाला माझ्या मुलाने काढलाय. कोपऱ्यात दिसते ती निळी छत्री माझी.