भूक बंद केलेल्या सर्व्हरवर धावायचं तरी कशाला?

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये भूक (म्हणजे हालचालीने पोट रिकामं होणं आणि खाऊन ते भरणं) बंद करून खेळणाऱ्यांशी माझं पटत नाही, हे एकदा जाहीर लिहून टाकतो. निमित्त आमच्या भाच्याचं. इथे इंदूरला त्याच्या दोस्तमंडळींनी मिळून एक सर्व्हर (सगळ्यांनी एकत्र खेळायचं सामायिक जग) चालवलाय. तिथे कुणाला भूक लागत नाही, वर सगळ्यांना कायमचा स्पीडचा इफेक्ट, म्हणजे वेग वाढवणारी जादू. दिवसभर नुसती टुणटुण. मी विचारलं, अरे, मग एवढी डुकरं कशाला पाळलीत? तर म्हणे, "मामा, ती शोभेची आहेत."

जुन्या लोकांना आठवत असेल, सुरुवातीला या गेममध्ये धावताच येत नव्हतं. खाल्लं की थेट हार्ट्स (जिवाचं माप) भरायची, भूक ही भानगडच नव्हती. सप्टेंबर 2011 मध्ये बीटा 1.8 हे अपडेट आलं, आणि धावणं आणि भूक दोन्ही त्याच अपडेटमध्ये आली. मला तरी हा योगायोग वाटत नाही. वेग दिला तो बिलासकट दिला.

बिल कसं लागतं तेही बघा (आकडे जावा एडिशनचे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीचे). चालताना तुम्ही सेकंदाला साधारण 4.3 ब्लॉक (गेममधले ठोकळे) जाता, धावताना 5.6, आणि धावत उड्या मारत सुटलात तर 7.1 च्या आसपास. धावताना उडी मारली की तोंड असेल त्या दिशेला एक जादा धक्का मिळतो, म्हणून हा फरक. पण गेम आतल्या आत थकवा मोजतो: साध्या उडीला 0.05 आणि धावत्या उडीला 0.2, म्हणजे चौपट. थकवा 4 झाला की एक पॉइंट कटतो, आधी न दिसणाऱ्या सॅच्युरेशनमधून (पोटातल्या राखीव साठ्यातून) आणि ते संपलं की पडद्यावर दिसणाऱ्या, भूक मोजणाऱ्या तंगड्यांमधून. म्हणजे 80 साध्या उड्या जेवढ्यात होतात, तेवढ्यात धावत्या 20च. तीनच तंगड्या उरल्या की धावणं बंद. मागे क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) लागलाय आणि खिशात पावाचा तुकडा नाही, अशा वेळी ज्याने हे अनुभवलंय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

दोन ब्लॉक उंचीच्या बोगद्यात तर आणखी मजा. तिथे उडी मारली की डोकं छताला आपटतं, माणूस लगेच खाली येतो आणि लगेच पुन्हा उडतो. प्रत्येक वेळी तो जादा धक्का, त्यामुळे वेग भन्नाट, खाली बर्फ टाकला तर विचारूच नका. पण प्रत्येक उडीचे 0.2 चालूच! बोगदा संपेपर्यंत पोट रिकामं. तेव्हा घाई आहे की शिधा वाचवायचाय, हे आत शिरण्याआधीच ठरवावं लागतं. भूक बंद केली की ठरवायला काही उरतच नाही.

उडीची उंचीसुद्धा अशीच मोजून मापून दिलेली आहे. साधारण 1.25 ब्लॉक. एक ब्लॉक आरामात चढता येतो, आणि कुंपण दिसायला एकच ब्लॉक असलं तरी अडवतं दीड ब्लॉकपर्यंत. म्हणून मेंढ्या आत आणि तुम्ही बाहेर. भाच्याने फाटक न लावता कुंपणावर एका जागी लाल गालिचा टाकलाय. त्यावरून तो उडी मारून आत-बाहेर करतो, मेंढ्यांना मात्र ते जमत नाही. ही युक्ती मला मनापासून आवडली, आणि त्याला तसं सांगितलंसुद्धा.

राहता राहिला ऑटो-जंप. फोनवर खेळणाऱ्यांची अडचण समजू शकतो, बोटं दोनच. पण कीबोर्ड समोर असताना तो चालू ठेवणं म्हणजे कमालच झाली. समोर ब्लॉक आला की गेम परस्पर उडी मारतो, कड्याच्या टोकाशीसुद्धा, आणि मग तीन ब्लॉकांपेक्षा जास्त पडलात की पुढच्या प्रत्येक ब्लॉकाला अर्धं हार्ट गेलंच. जिथे नुसतं चढायचंय तिथे अर्ध्या उंचीच्या स्लॅब लावा की, उडीशिवाय पाय आपोआप वर जातो.

भाच्याच्या मंडळींचं म्हणणं, मित्रांशी खेळताना कोण सारखं खात बसणार? बरं, एवढंच असेल तर स्पॉनपाशी (खेळाडू जिथे अवतरतात तिथे) गाजरांचं मोठं शेत करा आणि ज्याला हवं त्याने उपटून न्यावं. डुकरांनाही तेवढंच काम मिळेल. यावर भिया (भाऊ) लोकांची मतं ऐकायला तयार आहे, पण आधी भूक चालू करून एक रात्र काढा, मग कमेंटमध्ये या.