‘फुंकण्याची टेस्ट नॉर्मल, म्हणजे दमा नाही’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज वरचेवर फिरतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: फुंकण्याची टेस्ट नॉर्मल आली की मुलाला दमा नाही, पंप बंद करा. छातीत घरघर म्हणजे दमाच. पंपाने बरं वाटलं की निदान पक्कं. आणि पाच वर्षांखालच्या मुलांत दमा ओळखताच येत नाही, तेव्हा थांबा. पहिले दोन दावे एकमेकांच्या उरावर बसलेत, पण मेसेज पुढे ढकलणाऱ्याला त्याचं काय!

पहिला दावा सर्वांत घातक. दम्यात श्वासनलिका कायम आवळलेल्या नसतात. रात्री, पहाटे, सर्दी झाल्यावर, पळापळीनंतर, कधी नुसतं खदखदून हसल्यावरही त्या आवळतात आणि पुन्हा सैल पडतात. मूल ठणठणीत असताना सकाळी अकराला स्पायरोमेट्री, म्हणजे हीच फुंकण्याची टेस्ट, केली तर आकडे चांगले येणारच. दमा असलेल्या कितीतरी मुलांचे येतात. त्यात घरून निघताना आरामाचा, म्हणजे श्वासनलिका लगेच सैल करणारा पंप घेतला असेल तर विचारायलाच नको. तो टेस्टच्या आधी किमान चार तास टाळायचा असतो. रोजचा, सूज उतरवणारा पंप काही महिने चालू असेल तर नॉर्मल रिपोर्ट ही त्या पंपाचीच कमाई असू शकते. तो रिपोर्ट बघून पंप बंद करायचा?

शिवाय हे रक्त तपासण्यासारखं नाही, इथे सगळं मुलाच्या हातात. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, छाती भरून श्वास आणि मग जोरात फुंकर, टेक्निशियन ‘अजून, अजून, अजून’ म्हणत असेपर्यंत. सहा वर्षांचं पोर पहिल्यांदा नुसते गाल फुगवतं, दुसऱ्यांदा नळीत जीभ घालतं, तिसऱ्यांदा त्याला हसूच फुटतं. एकमेकींशी जुळणाऱ्या तीन नीट फुंकरा मिळेपर्यंत आकड्यांना अर्थ नाही.

खरी गंमत पुढे आहे. स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) सालब्युटामॉलचे, म्हणजे आरामाच्या पंपातल्या औषधाचे, चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १.२० लिटरवरून १.३८ वर गेली, तर वाढ १५ टक्के. १२ टक्के किंवा जास्त वाढ दम्याच्या बाजूने बोलते. वाढ झाली नाही म्हणून दमा फेटाळला जात नाही. मग त्रास चालू असताना टेस्ट पुन्हा करतात, घरी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरचे (फुंकरीचा वेग मोजणारं छोटं यंत्र) आकडे लिहायला सांगतात, किंवा श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात; श्वासनलिकांना दम्याची सूज असली की हा वायू वाढतो. किती वाढला की दम्याकडे बोट दाखवायचं, याची रेषा युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०२१ मध्ये २५ पीपीबीवर (अब्ज भागांत २५ भाग) ओढली, ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने मुलांसाठी ३५ वर. तज्ज्ञांच्याच रेषा अशा सरकतात, मग एका आकड्यावर निकाल कसा लावायचा?

आता घरघर. घरघर म्हणजे नक्की काय, हे विचारलं की निम्म्या वेळा चोंदलेलं नाक किंवा घशातला कफ निघतो. दम्यातला आवाज बारीक शिट्टीसारखा, बहुधा श्वास सोडताना. आवाज येत असेल तेव्हाच मोबाइलवर व्हिडिओ काढा. वर्णनापेक्षा तो कामाचा. रोजचा ओला खोकला चार आठवड्यांवर गेला, वजन वाढेना, किंवा तोंडात काही घालून ठसका लागल्यानंतर त्रास सुरू झाला, तर दम्यापलीकडची कारणं शोधावी लागतात. पाच ते सोळा वयात केवळ लक्षणांवर निदान करू नका, असं २०२१ ची ती युरोपियन मार्गदर्शिका बजावते.

‘पंपाने बरं वाटलं’ हा पुरावा दिसतो तेवढा भक्कम नाही. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवड्यांत एरवीही जातो आणि श्रेय पंपाला मिळतं.

राहिला पाच वर्षांखालचा दावा. यात थोडं तथ्य आहे: इतक्या लहान मुलांना सहसा नीट फुंकता येत नाही, आणि बरीच मुलं फक्त सर्दीत घरघरतात व पुढे बरी होतात. पण थांबा म्हणजे वाऱ्यावर सोडा नव्हे. वारंवार त्रास होणाऱ्या मुलाला डॉक्टर आठ ते बारा आठवडे कमी डोसचा रोजचा पंप देऊन बघतात. बरं वाटलं तर तो थांबवून त्रास परततो का, यावर लक्ष ठेवतात. पाच वर्षं झाल्यावर लक्षणं असतील तर मग टेस्ट करून बघायची. पहिल्या दिवशी जमली नाही, तर काही महिन्यांनी पुन्हा.