सैतान, डॉलर आणि गवंड्याचा गुण्या

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला विचारले, "मामा, फ्रीमेसन लॉजमध्ये जावे असे मनात आहे, तुमचे काय मत?" त्याच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी मुंबईतल्या एका लॉजचे, म्हणजे या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेचे, बरीच वर्षे सभासद आहेत आणि त्यांच्याशी बोलता बोलता भाच्याचे कुतूहल जागे झाले होते. घरात ही गोष्ट कळली आणि दुसऱ्याच दिवशी ताईने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक संदेश पाठवला. थोड्याफार फरकाने हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे, तेव्हा तो अनेकांच्या नजरेखालून गेला असेल. त्याचा गोषवारा असा: फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात, तिथे शिरताना आपला धर्म सोडावा लागतो, इंग्रजांनी आपल्या लोकांना अंकित ठेवण्यासाठी ही संस्था इथे आणली, डॉलरच्या नोटेवरचा डोळा ही त्यांचीच खूण असून इल्युमिनाटी या नावाने तेच जग चालवतात, एकदा आत गेलेला माणूस जिवंतपणी बाहेर पडत नाही, आणि या सगळ्याच्या मोबदल्यात सभासदाला पैसा, बढती आणि वजन मिळते.

मी सभासद नाही आणि कोणाला सभासद करून घेण्यात मला रस नाही. परंतु ताईची काळजी खरी आहे आणि भाच्याचे कुतूहलही खरे आहे. त्या दोघांमध्ये एक खोटा मजकूर येऊन बसावा हे मला सहन होत नाही, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

आधी ही संस्था काय आहे ते सांगतो. मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगीन युरोपात दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांच्या ज्या संघटना होत्या, त्यांचा शब्दसंग्रह आणि त्यांची हत्यारे घेऊन सतराव्या-अठराव्या शतकांत गवंडीकाम न करणाऱ्या लोकांनी हा बंधुसंघ उभा केला. लंडनच्या चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजना मान्यता देणारी वरिष्ठ संस्था, स्थापन झाली ती परंपरेप्रमाणे २४ जून १७१७ रोजी, आणि तिचे नियम १७२३ मध्ये छापले गेले. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ, थापी ही आपल्याकडच्या कोणत्याही बांधकामावर दिसणारी साधने तिथे रूपक म्हणून वापरली जातात: गुण्या म्हणजे काटकोनासारखे सरळ वागणे, पाणसळ म्हणजे सर्वांची समान पातळी. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, कमरेला कोकराच्या कातड्याचा पांढरा अ‍ॅप्रन आणि शिकाऊ, कारागीर व उस्ताद अशा तीन पायऱ्यांची दीक्षा, एवढा तिचा मूळ सांगाडा आहे. संदेशात यातले एक अक्षरही नाही.

आता सैतानाविषयी. संदेशासोबत बोकडाच्या डोक्याची, पंख असलेली एक आकृती जोडलेली आहे. ही आकृती एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवादी लेखकाने १८५०च्या दशकात काढली, आणि ती फ्रीमेसनांच्या गळ्यात बांधली गेली ती एका फसवणुकीतून. लिओ टॅक्सिल या टोपणनावाने लिहिणारा एक फ्रेंच लेखक आधी चर्चची टवाळी करत असे. १८८५ मध्ये त्याने पश्चात्ताप झाल्याचे जाहीर केले आणि पुढची बारा वर्षे तो फ्रीमेसनांच्या कथित ल्युसिफर-उपासनेची (ल्युसिफर हे सैतानाचेच एक नाव) रसभरित वर्णने छापत राहिला. त्यासाठी त्याने डायना व्हॉन नावाची एक स्त्री निर्माण केली, जिने म्हणे हे सगळे आतून पाहिले होते आणि आता ती ख्रिस्ताला शरण आली होती. भाविकांनी पुस्तके डोक्यावर घेतली, धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद दिले, खुद्द पोपने टॅक्सिलला भेट दिली. अखेर १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात डायना व्हॉन लोकांसमोर येणार असे जाहीर झाले. सभागृह भरले, आणि टॅक्सिलने उभे राहून सांगितले की आपण हे सर्व रचले होते आणि डायना व्हॉन हे नाव एका टंकलेखिकेचे आहे. सभेत इतका गदारोळ झाला की त्याला पोलिसांच्या मदतीने बाहेर पडावे लागले.

अमेरिकी मेसन अल्बर्ट पाइक याने "ल्युसिफर हाच देव" असे १४ जुलै १८८९ रोजी लिहून ठेवल्याचे जे वाक्य आपल्या संदेशात ठळक अक्षरांत आहे, त्याचा उगमही टॅक्सिलच्या याच कारखान्यात आहे. फसवणूक करणाऱ्याने स्वतः कबुली देऊन सव्वाशे वर्षे उलटली, तरी वाक्य जिवंत आहे आणि कबुली मात्र कोणी पुढे पाठवत नाही. मला या संदेशाचा सर्वाधिक राग येतो तो इथे.

धर्म सोडावा लागतो हा दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. नियमित, म्हणजे मुख्य प्रवाहातल्या, लॉजमध्ये येणाऱ्याने परमेश्वरावर श्रद्धा असल्याचे सांगावेच लागते. निरीश्वरवादी माणसाला प्रवेश नाही. हा परमेश्वर कोणत्या नावाचा, हे विचारले जात नाही आणि लॉजमध्ये धर्मावर किंवा राजकारणावर वाद घालायला बंदी असते. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची असते. भारताच्या ग्रँड लॉजच्या बोधचिन्हात पाच धर्मग्रंथ आहेत: गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता. ज्या तरुण नरेंद्रनाथ दत्तांना जग पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले, त्यांनी १८८४ मध्ये कोलकात्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये दीक्षा घेतली होती. त्यामुळे त्यांचे हिंदुत्व कमी झाले असे कोणी म्हणेल का?

मात्र एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, विशेषतः वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ मध्ये फ्रीमेसनरीवर बंदी घातली, १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती कायम असल्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. म्हणजे कॅथलिक माणसाला लॉज अडवत नाही, त्याचे चर्च अडवते. ज्याला चर्चची शिस्त महत्त्वाची वाटते त्याने हा विचार सदस्यत्वाच्या अर्जापूर्वी करायचा आहे.

"इंग्रजांनी आणली" हे खरे आहे. कोलकात्यात १७३० मध्ये, मद्रासेत १७५२ मध्ये आणि मुंबईत १७५८ मध्ये लॉज निघाल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांसाठी. पण "आपल्या लोकांना अंकित ठेवण्यासाठी" हे कसे मानायचे? कारण शंभर वर्षे हिंदी माणसाला सहसा आत येऊ द्यायचे नाही, हाच तर इंग्रजांचा आग्रह होता. मुंबईचे माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ, पुढे स्मॉल कॉजेस कोर्टाचे न्यायाधीश आणि मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध झाले. इथल्या इंग्रज मंडळींनी नाकारल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली, आणि तरीही परत आल्यावर त्यांना इथली दारे बंदच राहिली. अखेर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज निघाली, ती खास हिंदी लोकांना घेता यावे म्हणून.

बंगालमध्ये तर प्रसन्नकुमार दत्त यांना १८६३ ते १८७२ अशी नऊ वर्षे झगडावे लागले. हिंदूंचे देव अनेक असतात, मग त्यांची एका परमेश्वरावर श्रद्धा कशी मानायची, असा आक्षेप वरिष्ठांनी घेतला होता. दत्त मागे हटले नाहीत आणि शेवटी त्यांना प्रवेश मिळाला. या माणसांनी समतेची भाषा बोलणाऱ्यांना त्यांच्याच पाणसळीवर उभे करून मोजले. त्यांना गुलाम म्हणणे हा त्यांच्या चिकाटीचा अपमान आहे. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. ज्या लॉजना लंडन किंवा एडिंबरोच्या ग्रँड लॉजशी जुने नाते ठेवायचे होते त्यांनी ते ठेवले, आणि दोन्ही प्रकारच्या लॉज आजही शेजारी शेजारी चालतात.

डॉलरच्या डोळ्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. त्रिकोणातला डोळा हे ख्रिस्ती चित्रकलेत फार जुने, ईश्वरी कृपादृष्टीचे चिन्ह आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवर ते १७८२ मध्ये आले आणि नोटेवर १९३५ मध्ये. मुद्रेसाठी नेमलेल्या पहिल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन हे एकटेच मेसन होते आणि त्यांनी सुचवलेल्या चित्रात डोळा नव्हता. इल्युमिनाटी ही वेगळीच संस्था होती: अ‍ॅडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने १ मे १७७६ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या इंगोलश्टाट येथे ती काढली, तिच्या लोकांनी मेसन लॉजमधून माणसे ओढली, आणि १७८४-८५ मध्ये तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घालून ती मोडून काढली. आता जग चालवण्याचे म्हणाल, तर ज्यांच्या हाती जग असते त्यांच्यावर असे दिवस येत नाहीत: फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९४० च्या कायद्याने मेसन असणे हाच गुन्हा ठरला, हिटलरने लॉज बंद पाडल्या आणि पाकिस्तानात १९७२ मध्ये त्यांच्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या.

"बाहेर पडता येत नाही" या भीतीला मात्र एक मूळ आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया गावच्या विल्यम मॉर्गनने १८२६ मध्ये लॉजची गुपिते छापायचे ठरवले, त्याला पळवून नेण्यात आले आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. लोकांचा संताप इतका की अमेरिकेत मेसनविरोधी राजकीय पक्ष उभा राहिला. जुन्या शपथांमध्ये गुपित फोडणाऱ्याच्या शारीरिक शिक्षेची भयंकर वर्णनेही होती; ती प्रतीकात्मक मानली जात, तरी ती उच्चारायला लावणे मला अयोग्यच वाटते, आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये ती शपथेतून काढून टाकली हे बरे झाले. परंतु मॉर्गनच्या आधी जवळपास शंभर वर्षे, १७३० मध्येच, लंडनच्या सॅम्युअल प्रिचर्डने हे विधी छापून विकले होते. खुणा, परवलीचे शब्द आणि हस्तांदोलनाच्या पद्धती यांपलीकडे फारसे गुपित उरलेले नाही, सभासद असल्याचे स्वतः सांगायला कोणतीही मनाई नाही, आणि सदस्यत्व सोडायला राजीनाम्याचे पत्र व थकलेली वर्गणी पुरते.

शेवटचा मुद्दा पैशाचा आणि बढतीचा, आणि मला तो सैतानाच्या मुद्द्यापेक्षा धोकादायक वाटतो, कारण सैतानाने माणूस घाबरतो आणि पैशाने खेचला जातो. लॉजचा आडोसा घेऊन सत्तेचे जाळे विणल्याचे उदाहरण आहे. इटलीत लिचो जेल्लीच्या पी-टू लॉजची सभासद यादी मार्च १९८१ मध्ये पोलिसांच्या हाती लागली तेव्हा तीत मंत्री, सेनाधिकारी, बँकर आणि संपादक निघाले आणि सरकार कोसळले. इटलीतल्या वरिष्ठ मेसन संस्थेने या लॉजची मान्यता १९७६ मध्येच काढून घेतली होती, हेही तितकेच खरे. नियमानुसार अर्ज करणाऱ्याला आपण कोणत्याही आर्थिक लाभाच्या अपेक्षेने येत नाही असे सांगावे लागते. तरीही जिथे माणसे नियमितपणे भेटतात तिथे ओळखी होतात आणि ओळखींचा उपयोग करणारे निघतात. हे जिमखान्यात होते, ज्ञातिसंस्थेत होते, तसे तिथेही होऊ शकते.

या आमिषावरच दुसरी फसवणूक उभी आहे. "सभासद व्हा, कोट्यधीश व्हा, नोंदणी शुल्क अमुक" असे संदेश इल्युमिनाटी आणि फ्रीमेसन या नावांनी फोनवर येतात. खऱ्या लॉजचा प्रवेश असा होत नाही. तिथे बहुधा स्वतःहून विचारावे लागते, ओळखीचा सूचक आणि अनुमोदक लागतो, समक्ष भेटी होतात, घरी येऊन विचारपूस करण्याचीही पद्धत आहे, आणि मग सभासद एका पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकून गुप्त मतदान करतात. यात महिने जातात. न भेटता पैसे मागणारा माणूस मेसन नसून ठग आहे. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की जो संदेश तरुणाला "तिथे अफाट पैसा आहे" असे सांगून घाबरवू पाहतो, तोच त्याला या ठगाच्या दारात नेऊन सोडतो.

भाच्याला मी जाऊ नको म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. त्याने विचारायचे प्रश्न आम्ही दोघांनी कागदावर लिहून काढले. प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, पोशाख आणि जेवणांचा खर्च मिळून वर्षाला किती रुपये होतात? लॉज कोणत्या ग्रँड लॉजच्या मान्यतेखाली आहे? गोळा होणारा दानधर्माचा पैसा कुठे जातो आणि त्याचा हिशेब सभासदांना दिसतो का? स्त्रियांना प्रवेश नसलेल्या संस्थेत बसणे त्याला स्वतःला पटते का? (अ‍ॅनी बेझंट यांनी स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखा विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात आणली होती, पण ती मुख्य प्रवाहातल्या लॉजना मान्य नाही.) पाठांतराचे लांबलचक विधी त्याला मनापासून आवडतील का, कारण तिथल्या बैठकीचा मोठा भाग त्यातच जातो?

ताईने हे सगळे वाचले आणि गटावरचा संदेश काढून टाकला. मग तिने कागदाच्या तळाशी स्वतःच्या हाताने आणखी एक प्रश्न लिहिला: महिन्यातून किती संध्याकाळी तो घरी जेवायला नसेल? येत्या रविवारी ते ज्येष्ठ सहकारी घरी येणार आहेत आणि हा प्रश्न ती सगळ्यात आधी विचारणार आहे.