जुनं घड्याळ: ‘चालतंय, चकाकतंय, मग घ्या’ हा सल्ला घातक आहे

“घड्याळ चालतंय, तबकडी नव्यासारखी आहे, सगळे भाग कंपनीचे आहेत, मग बिनधास्त घ्या. ओरखडे असले तर पॉलिश करा, किंमत वाढेल.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्यातलं एकही वाक्य तपासणीत टिकत नाही.

‘चालतंय’ हा तर पुरावाच नव्हे. तेल सुकलेलं मशीनही चालतं. फक्त आत धातूवर धातू घासत राहतो आणि आस झिजतात. शेवटचं ऑइलिंग कधी झालं, हे आधी विचारा.

साठ वर्षांची तबकडी कोरी करकरीत दिसली, तर ती पुन्हा रंगवलेली असण्याची शंका आधी घ्यावी. भिंगातून पाहा: अक्षरांच्या कडा जाड किंवा पसरलेल्या आहेत का, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का? तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर अंधारात चमकणाऱ्या लेपात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे दर तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. तेव्हा 1960च्या दशकातली अशी तबकडी आज रात्रभर उजळत असेल, तर लेप नंतर चढवलेला आहे. त्याआधीच्या रेडियमची गोष्ट वेगळी: चमक विझते, किरणोत्सर्ग शतकानुशतकं राहतो. तो लेप घरी कधीही खरवडू नका.

‘सगळे भाग कंपनीचे’ हा दावा सर्वांत फसवा. 2021 साली जिनिव्हातल्या लिलावात 1957चं म्हणून मांडलेलं, ओमेगा या स्विस कंपनीचं स्पीडमास्टर घड्याळ तीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकना गेलं. ते बहुतांशी अस्सल, पण वेगवेगळ्या घड्याळांतल्या भागांची जुळवाजुळव असल्याचं 2023 मध्ये ओमेगानेच जाहीर केलं. भाग अस्सल असून भागत नाही, ते त्याच घड्याळासोबत कारखान्यातून निघालेले हवेत. काच, मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदललेली असणं गैर नाही, त्या झिजायच्याच वस्तू. पण तबकडी, काटे किंवा केस (बाहेरचं कवच) बदलली असेल, तर किंमत मोठ्या प्रमाणात उतरते.

जुनं म्हणून महाग, असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी यंत्रांवर लाखोंनी बनलेली खिशातली घड्याळं आजही मुबलक मिळतात.

आणि पॉलिश? कृपा करून नको. पट्टा अडकतो त्या कोपऱ्यांच्या धारदार कडा पाहूनच जाणकार भाव ठरवतात, आणि बफ (पॉलिशचं फिरतं चाक) आधी त्याच खातो. ओरखडे राहू द्या. गेलेला धातू लेझर वेल्डिंगने भरता येतो, पण ती दुरुस्तीच, आणि विकताना ती सांगावी लागते.