आल्मोनास्तेरचा अरबी बाजार: आधी मशीद, मग खरेदी

स्पेनमध्ये उन्हाळा ओसरला की गावोगावी 'अरबी बाजार' भरायला लागतात. चौकात तंबू, दोरीवर झुलणारे पितळी कंदील, ढोल आणि सनईसारखं काहीतरी वाजवत फिरणारं टोळकं, हवेत धूप आणि शेगडीचा धूर. फोटो सगळीकडचे सारखेच येतात, कारण पुष्कळदा दुकानंही तीच असतात. असे बाजार लावून देणारे ठेकेदार आहेत. या शनिवारी एका गावात 'मध्ययुगीन बाजार', पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात पताका बदलल्या की तोच 'अरबी'. लाकडी तलवारीवाला तोच, चीजवाला तोच. नुसत्या बाजारासाठी शंभर किलोमीटर गाडी हाकण्यात काही अर्थ नाही. गावाचंच स्पेनमधल्या जुन्या मुसलमानी राजवटीच्या काळाशी काही देणंघेणं असेल तरच जावं.

तसं एक गाव म्हणजे आल्मोनास्तेर ला रेआल. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या वेल्वा प्रांतात, आरासेनाच्या डोंगररांगेत. इथे ऑक्टोबरमध्ये, बहुतेक वेळा १२ तारखेच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आसपास, इस्लामी संस्कृतीचे दिवस साजरे होतात. व्याख्यानं, मैफली, मुलांच्या कार्यशाळा, आणि गल्ल्यांमधून भरणारा 'सोको'. हा शब्द अरबी 'सूक'वरून आला, म्हणजे बाजार.

गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर जुना कोट, कोटात दहाव्या शतकाच्या सुमाराची मशीद. कोर्दोबाची मशीद सगळे बघतात, पण खेड्यातली मशीद इतकी धडधाकट उरलेली स्पेनमध्ये फार कमी ठिकाणी दिसते. उरली याचं कारण साधं आहे: तेराव्या शतकात गाव ख्रिश्चनांच्या ताब्यात गेलं आणि मशिदीचं चर्च झालं. वापरातली इमारत कोणी पाडत नाही. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या, मग खांबांकडे बघा. एकही जोडी धड जुळत नाही. जुन्या रोमन आणि व्हिसिगोथ (मुसलमानांच्या आधी इथे राज्य करणारे) इमारतींचे खांब, माथे, दगड आणून बसवलेत आणि वर विटांच्या कमानी घोड्याच्या नालासारख्या वळवल्यात. शेजारी मिनार, आणि त्याला खेटून चक्क बैलझुंजीचं रिंगण! बाजार अकराच्या आसपास जागा होतो. त्याआधी टेकडी चढलात तर मशीद जवळजवळ तुमच्या एकट्याची असते. दुपारी बारानंतर आत नुसत्या सेल्फीच्या काठ्या.

सेव्हियाहून (इंग्रजीत सेव्हिल) आरासेनामार्गे गाडीने दीड ते पावणेदोन तास. बस कमी आणि सुट्टीच्या दिवशी आणखी कमी, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा, जायची नंतर. वेल्वा ते साफ्रा या रेल्वेमार्गावर आल्मोनास्तेरच्या नावाचं स्टेशन आहे खरं, पण ते गावात नाही, काही किलोमीटर दूर आहे. नावावर जाऊन फसू नका. गाडी गावाबाहेरच लावावी लागते. गल्ल्या गोट्यांच्या, चढाच्या आणि पाऊस पडला की निसरड्या. चपला-सँडल नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत. बाबागाडी तर अजिबात नको, बाळाला पाठुंगळीच्या पिशवीत घ्या. दुपारी ऊन लागतं आणि रात्री स्वेटर लागतो. दुपारी तीन ते साडेपाच बाजार पेंगतो, खरी मजा दिवे लागल्यावर. सुटे युरो जवळ ठेवा, कारण डोंगरात मोबाइलची रेंज गेली की कार्डाचं यंत्र रुसतं आणि गावातल्या एटीएमसमोर मारुतीच्या शेपटासारखी रांग लागते.

आता खाणं. आपली मंडळी सर्वात जास्त इथेच फसतात. 'अरबी बाजार आहे म्हणजे डुक्कर नसणार' हा समज दारातच सोडा. हा सगळा डुकराच्या हॅमचा मुलूख. जगप्रसिद्ध हाबूगो गाव इथून हाकेच्या अंतरावर. 'पिंचो मोरुनो', म्हणजे शब्दशः मूर लोकांचे, स्पेनमधल्या जुन्या मुसलमानांचे, कबाब, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाचेच करतात. मसाला जिऱ्या-लाल तिखटाचा, नाव मुसलमानी, मांस डुकराचं. विचारायचं: 'एस दे सेर्दो?', म्हणजे डुकराचं आहे का? शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे आणि टूना यांना बरेच जण 'मांस' धरतच नाहीत. पुढे जोडायचं: 'नी हामोन, नी आतून', म्हणजे हॅमही नको, टूनाही नको. मांतेकादो, पोल्व्होरोन ही खुसखुशीत बिस्किटं डुकराच्या चरबीतली असतात, ती सोडा. तेलात तळून मधात बुडवलेली, तीळ लावलेली पेस्तिन्योस चालतात. फक्त तळणीचं तेल कसलं ते विचारून घ्या. 'पास्तेला' या मोरोक्कन पाईवर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरलेली बघून गोड समजून घेतात, आत कोंबडी आणि बदाम निघतात.

आपल्या जिभेला हमखास पटणारा पदार्थ म्हणजे वांग्याचे तळलेले काप, वर 'मिएल दे कान्या'. नाव उसाचा मध, पण ती आपली काकवीच. मालागाकडे अजून बनते. काप पातळ आणि गरम असतील तरच घ्या, पाच मिनिटांत मऊ पडतात. मासे तळलेलं तेल वेगळं आहे का तेही विचारा.

चहाचा तंबू निवडताना भांडी बघा. पुदिन्याचा मोरोक्कन चहा थर्मासमधून ओतत असतील तर पुढे चला. नीट करणारा माणूस अर्ध्या लिटरच्या किटलीत गोळीदार हिरव्या चहाचे दोन चमचे टाकतो, उकळत्या पाण्याचा पेलाभर मारा देतो आणि मिनिटभराने ते पाणी पेल्यात काढून बाजूला ठेवतो. त्यात चहाचा जीव असतो. मग दुसरं पाणी घालून किटली गरगरा फिरवतो. हे गढूळ, कडवट पाणी फेकायचं. बाजूला ठेवलेला पेला परत आत, किटली भरून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर. आच बंद केल्यावरच मूठभर पुदिना आणि साखरेचे खडे. पुदिना विस्तवावर उकळला की काळा पडतो आणि चहाला काढ्याची चव येते. बाजारात सर्वात जास्त बिघडतं ते इथेच. शेवटी एक पेला भरून परत किटलीत, असं दोन-तीनदा. साखर ढवळायला चमचा लागत नाही. आणि हातभर उंचीवरून धार. वर फेस आला नाही तर घाई झालीय. साखर कमी सांगू नका, चहा तुरट लागेल.

खरेदीबद्दल थोडं कडू बोलतो. 'अरबी' म्हणून मांडलेला बराच माल आपल्याकडचा असतो. उदबत्त्या बंगळुरूच्या, ठशांचे सुती कपडे राजस्थानचे, पितळ मुरादाबादचं. दादर-पुण्यात मिळणारी वस्तू तिप्पट भावाने परत घरी न्यायची हौस असेल तर न्या. घ्यायचंच तर जो समोर बसून काम करतोय त्याच्याकडून घ्या. चामड्याच्या 'बाबूच' चपलांवर आतून ओला रुमाल घासा, रंग उतरला तर मोजे रंगतील. पायाला किंचित घट्टच घ्या, चामडं सैल होतं. केशराची भुकटी कधीच नको. काड्या, सीलबंद डबी, वर ला मांचा या स्पेनमधल्या केशराच्या मुलखाचं क्रमांकाचं लेबल. पाण्यात टाकल्यावर पिवळा रंग हळूहळू सुटायला हवा आणि काडी लालच राहायला हवी.

मेंदीची गोष्ट मात्र चेष्टेची नाही. 'काळी मेंदी, अर्ध्या तासात' अशी पाटी दिसली की मुलांना घेऊन दूर व्हा. खरी मेंदी हातावर तासन् तास ठेवावी लागते, आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते, हे आपल्या घरातल्या पोरीसोरींनाही माहीत असतं. झटपट काळ्या लेपात केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असू शकतं. त्वचेवर ते लावायला युरोपीय संघात परवानगी नाही. फोड काही दिवसांनी येतात, तोवर तंबू उठलेला असतो, आणि एकदा ॲलर्जी जडली की केसांच्या रंगाचीही पुढे भीती राहते.

पाट्या वाचत फिरा, शब्द ओळखीचे निघतील. 'आसूकार' म्हणजे साखर, 'नारान्खा' म्हणजे नारिंग, 'बेरेन्खेना' म्हणजे वांगं: संस्कृतातून फारसी, तिथून अरबी, तिथून स्पॅनिश असा त्यांचा प्रवास. उलट 'फुलानो' हा थेट अरबी, आणि आपला 'अमका-फलाणा' त्याचाच भाऊ.

बाजाराला 'मोरोस इ क्रिस्तियानोस' समजू नका. तो प्रकार वेगळा: मूर आणि ख्रिश्चन यांच्या लढायांची सोंगं, बंदुकांचे बार, मिरवणुका. आल्कोई गावचा एप्रिलमधला सर्वात नावाजलेला. ऑक्टोबर जमत नसेल तर सप्टेंबरात मालागाजवळचं ग्वारो आहे. तिथे रात्री रस्त्यावरचे दिवे मालवून हजारो मेणबत्त्या लावतात. देखणं आहे, पण ओढणी आणि नायलॉनचा झगा सांभाळा, मेणबत्त्या जमिनीलगतच असतात. किंवा सीमेपलीकडे पोर्तुगालमधलं मेर्तोला, विषम वर्षांत मे महिन्यात. तिथलंही चर्च पूर्वी मशीदच होतं.

घासाघिशीचं म्हणाल तर, 'अरबी बाजार' म्हणून कारागिराशी हुज्जत घालणं मला तरी पटत नाही. खाण्याचे भाव ठरलेले असतात, हातकामाचेही बहुतेक. दोन वस्तू घेत असाल तर थोडं कमी करायला सांगा, देतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मातीची भांडी विकणारा स्वतःच भाव उतरवतो, कारण ती परत कागदात गुंडाळून खोक्यात भरायचा त्याला कंटाळा आलेला असतो. त्या वेळी जा, फक्त जुनी वर्तमानपत्रं आणि एक घट्ट पिशवी तुमची तुम्ही न्या.